बाबांच्या वहीतले पावणेपाच

बाबा दारू पितात हे मला कळलं तेव्हा ते अलिबागच्या एका रुग्णालयात खाटेवर बसून चादरीवरच्या मुंग्या झटकत होते. चादरीवर एकही मुंगी नव्हती. दुपारचे तीन वाजले होते, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, आणि बाबा मला सांगत होते, "अगं, त्या उशीखालून येतायत. नर्सला बोलाव."

दोन दिवसांपूर्वी ते घरामागच्या नारळ-पोफळीच्या वाडीत पाण्याच्या पाटाच्या कडेवरून घसरले होते. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घालून एक दिवस ठेवून घेऊ, असं डॉक्टर म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना दरदरून घाम फुटला, उजवा हात, जो मोडला नव्हता तो, एवढा थरथरायला लागला की चहाचा कप धरवेना. आणि मग या मुंग्या.

पंचविशीतला एक डॉक्टर आला. त्यानं बाबांना तपासलं, मला व्हरांड्यात नेलं आणि विचारलं, "काका रोज किती घेतात?"

"काय घेतात?"

"दारू."

"घेत नाहीत," मी म्हणाले.

त्यानं वाद घातला नाही. हे उत्तर त्यानं पुष्कळदा ऐकलं असावं. "दोन दिवस मिळाली नाही म्हणून हे होतंय, मॅडम. आम्ही औषध सुरू करतोय, उतरेल. पण कधीपासून आणि किती, ते मला त्यांच्याकडून काढून द्या."

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. चौलच्या घरात आम्ही दोघंच राहत होतो. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, मी लग्न केलेलं नाही. बाबा पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी वाडीला पाणी द्यायचे, म्हणजे आमच्याकडे ज्याला शिंपणं म्हणतात ते करायचे, मग आंघोळ, मग बडीशेप चघळत बातम्या. ती आंघोळ आणि ती बडीशेप मी वर्षानुवर्षं बघत होते आणि मला वाटायचं, किती स्वच्छ राहतात माझे बाबा! रुग्णालयातून घरी येऊन मी वाडीतल्या पंपाच्या खोलीत शोधलं तेव्हा खताच्या रिकाम्या गोणीखाली बाटल्या सापडल्या. मी तिथेच जमिनीवर बसले. रागाआधी मला जे वाटलं ते असं होतं की हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी पाहिलं कसं नाही?

पाच दिवसांनी बाबा शुद्धीवर, म्हणजे नेहमीसारखे झाले. मला वाटलं आता त्यांना कुठेतरी तीन महिने ठेवावं लागेल. व्यसनमुक्ती म्हणजे उंच भिंतींची जागा, असंच माझ्या डोक्यात होतं. पण डॉक्टर म्हणाले, "भरती व्हायची गरज नाही. घरात सोबत आहे, थरथर गेलीय. घरी राहा आणि दर गुरुवारी इथे या."

हे मला पटेना. जिथे दुखणं वाढलं त्याच घरात बसून ते बरं कसं होणार? पण बाबा "बरं" म्हणाले, आणि आमचे गुरुवार सुरू झाले. शाळेतून मी अर्धी रजा घ्यायची, रेवदंड्याहून येणारी एसटी चौलच्या नाक्यावर पकडायची आणि अकरापर्यंत तिथे पोचायचं.

डोळ्यांच्या विभागाच्या पलीकडे, व्हरांड्याच्या टोकाला ती खोली होती. आधी डॉक्टर. "हात पुढे करा, बोटं पसरा, जीभ दाखवा." रक्ताचा रिपोर्ट बघायचे, जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहायचे आणि एक गोळी अशी की जिनं पिण्याची ओढ थोडी कमी होते. ती गोळी माझ्या हातानं द्यायची. दहा मिनिटांत संपायचं. मग पडद्याच्या पलीकडे समुपदेशक ताई.

ताई बोर्ली पंचतनची, तिशीतली, अलिबागला खोली घेऊन राहणारी. पहिल्या दिवशी बाबा तिच्यासमोर ताठ बसले आणि म्हणाले, "माडी तर आमच्याकडे सगळेच घेतात."

"माडीनं सुरुवात झाली, काका?"

"हो."

"आणि मग?"

"मग..." बाबा माझ्याकडे बघून थांबले. ताईनं मला बाहेर बसायला सांगितलं. पाऊण तासानं बाबा बाहेर आले ते हातात एक शंभर पानी वही घेऊन. त्यात चार रकाने आखायचे होते: वेळ, तेव्हा काय चाललं होतं, प्यावंसं किती वाटलं ते शून्य ते दहात, आणि मग काय केलं.

बाबांनी त्याच दुपारी पट्टी घेऊन सगळी वही आखून टाकली. चाळीस वर्षं टपाल खात्यात काढलेला माणूस. रकाने दिसले की त्यांना बरं वाटायचं. एक मात्र माझ्या लक्षात आलं. ताईनं माझ्यासमोर तरी एकदाही "का प्यायलात?" असं विचारलं नव्हतं. मी घरी येऊन तेवढंच विचारत होते.

डॉक्टर आणि ताई झाल्यावर सहासात जण गोल करून बसायचे आणि आपापला आठवडा सांगायचे. घरच्यांनाही बसायची मुभा होती. बाबांच्या शेजारी पेणकडचा एक ट्रेलर चालवणारा बसायचा. आजोबांची मिठागरं होती, आता हा आणि त्याचे भाऊ गाड्यांवर. आडवातिडवा, मोठ्या आवाजाचा माणूस. बाबांना तो पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणायला लागला.

"माझी वही कोरीच हाय, मास्तर. लिवायला बसलो की झोप येते."

"सांगा, मी लिहितो," बाबा म्हणाले.

तेव्हापासून तो बोलायचा आणि बाबा त्याची वही भरायचे. "सोमवार. टोल नाक्यावर थांबलो व्हतो. समोर धाबा. सात. न्हाय, आठ लिवा. खोटं कशाला?" बाबा आठ लिहायचे आणि खाली रेघ मारायचे.

दोन महिन्यांनी बाबांची वही मी चाळली. त्यांनीच दिली वाचायला. दिवसभर एक, दोन, शून्य. आणि रोज, अगदी रोज, पावणेपाचला सात किंवा आठ. काय चाललं होतं त्या रकान्यात "ओटीवर बसलो होतो", आणि मग काय केलं त्यात "पाणी प्यायलो, येरझाऱ्या घातल्या".

पावणेपाचच का? संध्याकाळ नाही, जेवणाआधी नाही. पावणेपाचला असं काय होतं? मी वही घेऊन विचार करत बसले आणि मग माझ्या लक्षात आलं. रोज चार चाळीसला शाळेतून घरी येते ती मी.

हे मी कोणाला बोलले नाही. पण दोन दिवस मुद्दाम प्रयोगशाळेत बसून राहिले. प्रात्यक्षिकांची तयारी आहे, असं बाबांना सांगितलं आणि सहाला घरी गेले. रात्रीचं जेवण झाल्यावर वही उघडून पाहिली. चार पंचेचाळीस, सात. दुसऱ्या दिवशी चार पन्नास, सात. मी नव्हते तरी आलंच होतं. मला एवढं हलकं वाटलं की मी उगाच कपाट आवरायला घेतलं.

मग मला चैन पडेना. मी नाही, तर काय? चहा? बाबांच्या हाताला प्लास्टर होतं तेव्हापासून वाडीतलं काम करायला एक मावशी यायच्या. त्यांना मी चहा चारलाच द्यायला सांगितला. काही फरक नाही. पुढच्या शनिवारी मी घरीच होते. बाबा ओटीवर बसून मला जुन्या पोस्टातली एक गोष्ट सांगत होते, तार उलटी वाचली गेल्यामुळे झालेला घोटाळा. सांगता सांगता त्यांचं वाक्य अर्ध्यात थांबलं. त्यांनी मान वळवली नाही, नुसते गप्प झाले. मागे वाडीत मावशींनी पंप सुरू केला होता.

इतकी वर्षं बाबा रोज पावणेपाचला पंप सुरू करायचे आणि त्याच खोलीत पीत बसायचे. आता प्लास्टर निघालं होतं, शिंपणं मावशीच करत होत्या, पण आवाज तोच आणि वेळही तीच.

त्या गुरुवारी हे ताईला सांगायचं, एवढंच मला करायचं होतं. मी ते केलं नाही. मला खात्री करून घ्यायची होती. वर्गात मी मुलांना सांगते की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बघा. तर वेळ बदलायची आणि पंप तोच ठेवायचा. रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, बाबा ओटीवर पेपर वाचत असताना, मी मागच्या दारानं वाडीत गेले आणि पंपाचं बटण दाबलं. मग धावत घरात येऊन खिडकीच्या आडून पाहिलं.

बाबांनी पेपर खाली केला. काही क्षण तसेच बसले. उठले, ओटीवरून दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा बसले, पुन्हा उठले. पाय चपला शोधायला लागले. आणि मी खूश झाले. खोटं सांगत नाही. प्रयोग बरोबर आला की जसा आनंद होतो तसा मला झाला. भात लावायला म्हणून मी आत गेले. परत आले तेव्हा ओटीवर पेपर होता, बाबा नव्हते.

अडीच वाजता रिक्षा आली. रिक्षावाल्यानं त्यांना धरून पायरीपर्यंत आणलं. माझ्याकडे न बघता ते आत जाऊन झोपले. अकरा आठवडे त्यांनी थेंबाला हात लावला नव्हता. पाचच्या सुमारास उठले, तोंड धुतलं, वही काढली आणि लिहिलं: "रविवार. ११.१०. पंप. ९. रेवदंडा स्टँडवर जाऊन प्यायलो." अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य होतं.

गुरुवारी म्हणाले, "मी येत नाही. ताईंना काय तोंड दाखवू?"

"मला जायचंय," मी म्हणाले. पंपाचं मी लपवलं होतं, पण हे मात्र खरं होतं.

मी एकटी गेले असते ते त्यांना आवडलं नसतं, म्हणून तेही आले. ताईनं वही वाचली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. निराशा नाही, राग नाही. एखादा किचकट हिशेब समोर आल्यासारखी ती पुढे वाकली.

"स्टँडवर किती वाजता पोचलात, काका?"

"पावणेबारा झाले असतील."

"रिक्षानं गेलात?"

"हो. दहा मिनिटं लागतात."

"म्हणजे मधली वीस-पंचवीस मिनिटं उरतात. तेव्हा काय केलंत?"

बाबांनी आठवून पाहिलं. "फाटकापर्यंत गेलो. परत आलो. मग पुन्हा गेलो."

"परत आलात?"

"दोनदा आलो."

"हे वहीत नाही लिहिलंत," ताई म्हणाली. तिनं पेन त्यांच्या हातात दिलं. "लिहा. दोनदा परत आलो."

बाबांनी लिहिलं. खाली रेघ मारली. मग ताईनं सहज विचारलं, "आणि रविवारी अकराला पंप कसा काय? पाणी तर संध्याकाळी देतात म्हणाला होतात ना?"

"मावशींनी लावला असेल."

मला गप्प बसता आलं असतं. "मी लावला," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. उशिरा येणं, चहा, खिडकी, सगळं. बाबा वहीकडे बघत राहिले.

ताईनं वही मिटली. मग म्हणाली, "मॅडम, तुमचा अंदाज बरोबर होता. पण काका म्हणजे तुमच्या लॅबमधला बेडूक नाहीत. बघायचंच होतं तर त्यांना विचारायचं होतं."

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले. नागाव गेलं, चौल आलं, ते बाहेरच बघत होते. पुढचे तीन दिवस मीठ, भाजी, गॅसचा सिलिंडर, एवढंच बोलणं. माझी चूक मला कळत होती, पण माफी कशी मागावी ते कळत नव्हतं. रविवारी सकाळी मी भाजी निवडत होते, ते येऊन समोर बसले.

"ते दोन दिवस तू शाळेत उशिरापर्यंत थांबलीस. तुला वाटलं, तू घरी आलीस की मला प्यावंसं वाटतं?"

मी मान डोलावली.

"तसं नव्हतं," ते म्हणाले. "पण तू दिसलीस की खोटं बोलायची तयारी करावी लागायची. तेवढं खरं."

मला रडू आलं. ते आलं तरी त्यांनी मला थोपटलं वगैरे नाही, तसा त्यांचा स्वभाव नाही. समोरची गवारीची शेंग उचलून मोडत म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर बटण मीच दाबलं असतं. मलाही बघायचं होतं, काय होतं ते."

पुढच्या गुरुवारी त्यांनी ताईला हेच विचारलं. पंप लावून बसायचंय, करू का? ती लगेच हो म्हणाली नाही. डॉक्टरांशी बोलली, मग अटी घातल्या. एकटं बसायचं नाही. आधी पोटभर जेवायचं, गोळी चुकवायची नाही, घरात आणि वाडीत काही नाही हे आधी तपासायचं, आणि सहन होत नाही असं वाटलं की पंप बंद करून तिथून उठायचं. गोलातून ट्रेलरवाला म्हणाला, "मी येतो की! मास्तर, रविवारी सुट्टी हाय माझी."

तो पेणहून मोटरसायकलवर आला. पिशवीभर जाडं मीठ आणलं होतं. मी बांगड्याचं कालवण आणि भात केला होता. दोघं एवढे जेवले की मला दुसऱ्यांदा भात लावावा लागला. अडीचला आम्ही वाडीत गेलो. विहिरीच्या कठड्यावर ते दोघं बसले, मी पंपाच्या दारात घड्याळ घेऊन उभी राहिले. बटण बाबांनीच दाबलं.

"किती?" मी विचारलं.

"सहा. आता सात."

"माझं पन वाढलं, मास्तर, तुमचं बघून," ट्रेलरवाला म्हणाला, आणि तिघंही हसलो.

"आठ," बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी बंद करू का विचारलं तर त्यांनी हात वर करून नको म्हणून सांगितलं. मग मी ते विचारलं जे इतक्या महिन्यांत कधी विचारलं नव्हतं. "बाबा, नेमकं कसं वाटतं?"

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "तोंडाला पाणी सुटतं, असं काही नाही. छातीत घाई होते. बाहेर कोणीतरी वाट बघत उभं आहे आणि मला चपला सापडत नाहीयेत, असं."

"माझं पोटात व्हतं," ट्रेलरवाला म्हणाला. "चढ हाय आणि गियर पडत न्हाय, तसं. मग मी गाणी म्हणतो."

"म्हणा मग," बाबा म्हणाले.

त्यानं लग्नातलं एक गाणं म्हटलं, बेसूर आणि जोरात. नारळावरचे कावळे उडाले. बाबा आठवरच होते. मग सातला आले, पुन्हा आठला गेले. पाणी पाटातून पोफळींच्या तिसऱ्या रांगेत शिरत होतं. अचानक बाबा उठले. "अरे, तिकडे बघ, पाणी सगळं कुंपणाकडे चाललंय. मावशींनी बांध नीट घातलाच नाही." ते गेले, फावडं घेतलं, चिखलात उतरले. ट्रेलरवाला मागोमाग गेला. दोघांनी मिळून माती ओढून बांध घातला. डाव्या मनगटावर जोर देऊ नका, असं मी ओरडत होते, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"बाबा, किती?" मी विचारलं.

"काय किती?"

ट्रेलरवाला फावडं टाकून हसत सुटला. बाबांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पंपाकडे पाहिलं, कान देऊन तो आवाज ऐकला आणि म्हणाले, "चार. हो, चारच."

त्यानंतर दर रविवारी कोणी ना कोणी सोबत बसायचं, कधी मी, कधी मावशी. आकडा हळूहळू उतरत गेला, पण सरळ रेषेत नाही. एकदा दिवाळीनंतर आणि एकदा टपालातला त्यांचा जुना सहकारी गेला तेव्हा, असे दोनदा ते पुन्हा प्यायले. दोन्ही वेळा दुसऱ्या गुरुवारी स्वतःहून एसटीत बसले. आता दीड वर्ष झालंय, महिन्यातून एकदा जावं लागतं. मी सोबत जात नाही. आता त्यांनाच नको असतं.

होळीनंतर ट्रेलरवाला यायचा बंद झाला. फोन लागेना. पाच आठवडे झाल्यावर बाबांनी ताईला विचारून त्याच्या बायकोशी बोलून घेतलं आणि एका सोमवारी सकाळी एकटेच पेणला गेले. दोन एसट्या बदलायच्या, पुढे रिक्षा. त्यांना सत्तरी जवळ आलीय. मला दिवसभर शाळेत काही सुचलं नाही.

संध्याकाळी परत आले ते दमलेले, पण चेहरा उतरलेला नव्हता.

"भेटला?"

"घरातच होता. पीत होता. बाहेरच येईना. मी ओटीवर बसून राहिलो. त्याच्या बायकोनं दोनदा चहा दिला, जेवायला वाढलं. अडीच तासांनी आला आणि बसला शेजारी."

"काय बोललात?"

"फारसं काही नाही. तो म्हणाला, मास्तर, तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात. मी म्हटलं, तुझं काय चाललंय ते बघायला. मग त्याच्या गाडीच्या टायरांबद्दल सांगत बसला."

"येणार का गुरुवारी?"

"येतो म्हणालाय. येईल की नाही, माहीत नाही." त्यांनी पाय पसरले. "पुढच्या सोमवारी परत जातो."

"मी येऊ सोबत?"

"नको. तुझ्यासमोर त्याला लाज वाटेल."

तो त्या गुरुवारी आला नाही. सोमवारी बाबा पुन्हा गेले, पहिल्या एसटीनं. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की या खेपेला त्याला बाहेर यायला अर्धाच तास लागला.